बावीस सप्तमांश सेकंदाला एक

सप्टेंबर २०२३ संपता संपता टोयोटाने आजवर बनवलेल्या गाड्यांची बेरीज ३० कोटींवर गेली. १९३५ साली पहिला ट्रक बाहेर पडला, तेव्हापासून मोजलं तर ८८ वर्षं आणि दोन महिने. कोटी हा शब्द आपण बजेटच्या बातम्यांत आणि जमिनीच्या भावात इतका वापरतो की त्याला वजनच उरलेलं नाही. म्हणून जरा हिशेब मांडू. सेकंदाला एक या गतीने, न झोपता न जेवता, ३० कोटींपर्यंत मोजायला साडेनऊ वर्षं लागतील. गाडीची लांबी सरासरी साडेचार मीटर धरली आणि बंपरला बंपर लावत गेलं, तर रांग होते साडेतेरा लाख किलोमीटरची. चंद्र आपल्यापासून ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. म्हणजे ही रांग चंद्रापर्यंत जाईल, पृथ्वीवर परत येईल, पुन्हा चंद्र गाठेल आणि तरी जवळजवळ दोन लाख किलोमीटर गाड्या पार्किंग शोधत उभ्या राहतील.

ही झाली एकूण बेरीज. एकट्या २०२३ सालात टोयोटा आणि लेक्सस या दोन नावांखाली जगभरात १ कोटी ३३ हजारांच्या वर गाड्या बनल्या. एका कॅलेंडर वर्षात कोटीचा टप्पा कंपनीने तेव्हा प्रथमच ओलांडला. वर्षाचे सेकंद ३ कोटी १५ लाख ३६ हजार. भागाकार करा, उत्तर येतं ३.१४३. शाळेत वर्तुळाचा परीघ काढताना वापरलेले तेच बावीस सप्तमांश. योगायोगच, पण लक्षात ठेवायला सोयीचा: दर बावीस सप्तमांश सेकंदाला एक गाडी, रविवार, नववर्षाच्या सुट्या आणि मध्यरात्र सगळं धरून. कारखाने सुट्या घेतातच, तेव्हा चालू असतानाचा खरा वेग याहून जास्त. एका मोटारीत शेवटच्या स्क्रूपर्यंत मोजले तर सुमारे ३० हजार भाग असतात, असं कंपनी सांगते. त्या हिशेबाने पृथ्वीवर कुठे ना कुठे, दर सेकंदाला साडेनऊ हजार भाग टोयोटाच्या गाड्यांत आपापल्या जागी बसत असतात.

मोठ्या आकड्यांची गंमत साधारण इथपर्यंतच टिकते. त्यापुढे डोळे तारवटतात. मला विचाराल तर या कंपनीचे लहान आकडेच जास्त चक्रावून टाकणारे आहेत. तीन मिनिटं, चार तास, ऐंशी गुण, दिवसाला चाळीस नग. ३० कोटींचा इमला या किरकोळ संख्यांवर उभा आहे, आणि तो कधी कोसळलाच तर त्यांच्यामुळेच कोसळतो.

सुरुवात १,४०४ या आकड्यापासून करू. टोयोटाची पहिली प्रवासी मोटार, मॉडेल एए, १९३६ साली आली. आकार क्रायस्लरच्या एअरफ्लोवरून घेतलेला, इंजिन शेवरोलेचं पाहून बनवलेलं. १९४३ पर्यंत अशा फक्त १,४०४ गाड्या झाल्या. आजच्या वेगाने तेवढ्या गाड्या सव्वा तासाच्या आत होतात. कंपनीने आपल्या पन्नाशीला या गाडीची प्रतिकृती तयार करून घेतली, कारण मूळ गाडी एकही हाती नव्हती. पुढे २००८ साली रशियाच्या पूर्व टोकाला, व्लादिवोस्तोकच्या बाजूला, एक सापडली. ती शेतावर वर्षानुवर्षं राबली होती. पत्रा पिचलेला, रंग उडालेला, मिळेल ते सामान लावून चालती ठेवलेली. आज ती नेदरलँड्समध्ये हेगच्या लाउमन संग्रहालयात आहे आणि तिथल्या लोकांनी शहाणपणा असा केला की तिला चकचकीत केलं नाही. जशी सापडली तशीच ठेवली आहे. टोयोटाच्या मालकांविषयी पुढे जे सांगायचं आहे त्याचा पहिला पुरावा म्हणून ही गाडी चालेल: पहिल्याच मॉडेलची सापडलेली गाडी, आणि तीही कामाला जुंपलेली.

गाड्यांच्या आधी माग होते. साकिची टोयोदा हा सुताराचा मुलगा, जन्म १८६७ चा, आजच्या शिझुओका प्रांतातल्या खेड्यातला. आई हातमागावर बसायची. १८९१ साली त्याने लाकडी हातमागाचं पहिलं पेटंट घेतलं आणि पुढची तीस-पस्तीस वर्षं दुसरं काही केलं नाही म्हटलं तरी चालेल. १९२४ चा त्याचा टाइप जी माग दोन गोष्टी आपणहून करायचा. धोट्यातलं सूत संपत आलं की न थांबता धोटा बदलायचा, आणि उभा धागा तुटला की जागच्या जागी थांबायचा. इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या वाचकाला या दुसऱ्या गोष्टीची किंमत सांगायला नको. धागा तुटलेला लक्षात न येता माग चालत राहिला तर वारच्या वार कापड दागी निघतं, म्हणून प्रत्येक मागापाशी डोळे लावून माणूस उभा करावा लागतो. माग स्वतःच थांबत असेल तर एक कामगार डझनांनी माग सांभाळू शकतो. १९२९ साली इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या त्या काळातल्या बड्या यंत्र कंपनीने या मागाचे हक्क १ लाख पौंडांना घेण्याचा करार केला. ज्या लँकेशायरकडून जग गिरण्या चालवायला शिकलं, त्याने जपानी सुताराच्या पोराला पैसे मोजले. त्याच पैशातून मुलगा किइचिरो याने मोटारी सुरू केल्या, अशी आख्यायिका आहे. खर्चाचा आवाका पाहता तेवढ्यावर भागलं नसणार. मागाच्या कारखान्याची कमाई वर्षानुवर्षं मोटारींच्या खड्ड्यात जात होती, हे मात्र खरं. २८ ऑगस्ट १९३७ ला मोटार कंपनी वेगळी झाली.

आता १९५० सालचा आकडा. किइचिरोचा चुलतभाऊ एइजी टोयोदा त्या वर्षी अमेरिकेत फोर्डचा रिव्हर रूज कारखाना पाहायला गेला. तेव्हापर्यंत तेरा वर्षांत टोयोटाने एकूण २,६८५ प्रवासी मोटारी बनवल्या होत्या आणि रूज एका दिवसात ७,००० बनवत होता, अशी तुलना मोटार उद्योगावरच्या एका गाजलेल्या अमेरिकी अभ्यासात दिलेली आहे. तेरा वर्षांची कमाई, फोर्डचे नऊ तास. शिवाय कंपनी त्या वर्षी बुडायलाच आली होती. युद्धोत्तर काटकसरीच्या धोरणाने बाजार आटला होता, बँक ऑफ जपानने मध्यस्थी करून बँकांचा गट उभा केला म्हणून दिवाळखोरी टळली. अट होती माणसं कमी करण्याची. दोन महिने संप चालला, दोन हजारांवर कामगार बाहेर पडले आणि त्याची जबाबदारी घेऊन किइचिरोने जूनमध्ये राजीनामा दिला. त्याच महिन्याच्या २५ तारखेला कोरियात युद्ध पेटलं. अमेरिकी सैन्याला ट्रक हवे होते. जुलैत १,००० ची मागणी आली, ऑगस्टमध्ये २,३२९ ची, पुढच्या मार्चमध्ये १,३५० ची. बेरीज ४,६७९. जगातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपनीचा जीव एवढ्या ट्रकांनी वाचवला. कंपनी सावरल्यावर किइचिरोला परत बोलावायचं ठरलं, पण मार्च १९५२ मध्ये तो गेला. वय ५७.

पहिल्या दहा लाख गाड्या पुऱ्या व्हायला १९६२ उजाडलं, म्हणजे २७ वर्षं. आज तेवढ्या गाड्यांना ३७ दिवसही लागत नाहीत.

मधल्या काळात काय झालं याचं उत्तर म्हणून ताइइची ओनो या माणसाचं नाव घेतलं जातं आणि ते योग्यच आहे. टोयोदांच्या सूतगिरणीतून मोटारीत आलेला हा इंजिनिअर. फोर्डसारखे ढीगच्या ढीग सुटे भाग बनवून गोदामं भरायची, तर टोयोटाकडे ना पैसा होता ना जागा. ओनोने उलटं ठरवलं: पुढच्या माणसाला लागेल तेव्हाच, लागेल तेवढंच मागच्या माणसाने बनवायचं. रात्री दाराबाहेर जितक्या रिकाम्या बाटल्या ठेवाव्यात तितक्याच भरलेल्या दूधवाल्याने सकाळी ठेवून जावं, तसं. बाटलीच्या जागी इथे एक कार्ड असतं, कानबान. कार्ड परत आलं तरच माल बनतो.

हे सांगायला सोपं आहे, पण त्यात एक मोठा अडसर होता. गाडीचे पत्रे दाबून घडवणारा प्रेस हजार टनांचा असतो. त्यातला साचा काढून दुसरा बसवायला १९६९ मध्ये टोयोटात चार तास लागत. साचा बदलायला चार तास जात असतील तर कोणताही शहाणा माणूस एकदा बसवलेल्या साच्यावर महिन्याभराचे दरवाजे काढून ठेवील. झालंच मग गोदाम. शिगेओ शिंगो या सल्लागाराने आधी ते काम दीड तासावर आणलं, आणि वरून हुकूम आला तीन मिनिटांचा. तीन मिनिटांत झालंही. यात कुठलं अद्भुत यंत्र नव्हतं. प्रेस बंद असताना जी कामं चालत, त्यातली निम्मीअधिक प्रेस चालू असतानाच करून ठेवता येतात हे ओळखलं, बोल्टला पंधरा आटे असतील तर घट्ट शेवटचाच करतो आणि सैल पहिलाच, मग बाकीचे चौदा कशाला, असे प्रश्न विचारले. चार तासांची तीन मिनिटं म्हणजे ऐंशीपट. 

सूचनापेटीचंही तसंच. १९५१ पासून कामगारांकडून सुधारणा मागवायला सुरुवात केली आणि चाळीस वर्षांत दोन कोटी सूचना जमल्या. आपल्याकडच्या सूचनापेट्यांचं काय होतं ते वाचकांना ठाऊक आहे, किल्ली सापडत नाही.

पण साठा नसण्याची किंमत असते, आणि ती १ फेब्रुवारी १९९७ च्या शनिवारी पहाटे वसूल झाली. कारिया गावी आयसिन या टोयोटाच्या पुरवठादाराचा पहिल्या क्रमांकाचा कारखाना जळाला. तिथे ब्रेकमधला पी-व्हॉल्व्ह बनायचा. सिगारेटच्या पाकिटाएवढा धातूचा ठोकळा, आत बारीक भोकं, किंमत काही डॉलर. मागच्या चाकांकडे जाणारा ब्रेकचा दाब तो आटोक्यात ठेवतो, गाडी घसरू नये म्हणून. टोयोटाला लागणाऱ्या या व्हॉल्व्हपैकी ९९ टक्के या एकाच ठिकाणाहून येत, कारण ते स्वस्त आणि चांगले पडत. टोयोटाच्या कारखान्यांत असलेला साठा तासांत मोजण्यासारखा. दिवसाला १५ हजारांच्या आसपास गाड्या बनवणारी जपानमधली जवळजवळ सगळी यंत्रणा दोन-चार दिवसांत ठप्प झाली. ३० हजारांपैकी २९,९९९ भाग तयार आणि एक नाही, तर हाती उरते शून्य गाडी.

पुढचा आठवडा औद्योगिक इतिहासात अभ्यासला जातो. आयसिनने व्हॉल्व्हचे नकाशे ज्याला हवेत त्याला देऊन टाकले. करार, भाव, पेटंट, नंतर बघू. साठाहून अधिक कंपन्यांनी मिळेल त्या यंत्रावर ते बनवायला घेतले आणि त्यांच्यामागे आणखी दीडेकशे छोटे कारखाने उभे राहिले. ज्यांनी आयुष्यात ब्रेकचा भाग पाहिला नव्हता तेही त्यात होते. शिवणयंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीने सुमारे ५०० मनुष्यतास खर्च करून एक मिलिंग मशिन या कामाजोगं केलं. त्यातून किती व्हॉल्व्ह निघाले? दिवसाला ४०. टोयोटाची रोजची गरज हजारोंची, आणि हे बहाद्दर चाळीसासाठी रात्र रात्र जागत होते. आग लागल्यापासून ८५ तासांनी पहिले वापरण्याजोगे व्हॉल्व्ह पोचले आणि आठवडाभरात कारखाने पुन्हा पूर्ववत चालू झाले. त्या ८५ तासांत कोणी वकील बोलावला नाही, हे मला पी-व्हॉल्व्हपेक्षाही विलक्षण वाटतं.

आगीतून शिकूनही ही दुखरी बाजू गेलेली नाही. २०२२ मध्ये प्लॅस्टिकचे भाग पुरवणाऱ्या कोजिमा या एका कंपनीच्या संगणकांवर हल्ला झाला आणि १ मार्चला जपानमधले १४ कारखाने, २८ लाइनी दिवसभर बंद राहिल्या. गेले १३ हजार गाड्यांचं उत्पादन. २९ ऑगस्ट २०२३ ला तेच १४ कारखाने आणि त्याच २८ लाइनी पुन्हा थांबल्या. या वेळी हल्लाबिल्ला काही नव्हता. देखभाल करताना सर्व्हरच्या डिस्कवर जागा उरली नव्हती. फोन भरला म्हणून लग्नाचे फोटो उडवणाऱ्या आपल्यासारख्यांना यात थोडं समाधान वाटलं तर चूक नाही. ३० कोटींचा टप्पा कंपनीने गाठला तो याच्या पुढच्याच महिन्यात.

आता मालकांकडे वळू, कारण एवढ्या गाड्या शेवटी कोणीतरी विकत घेतल्या आहेत.

सगळ्यात जास्त घेतली ती कोरोला. १९६६ च्या नोव्हेंबरात आली, ३० कोटींत तिचा वाटा ५ कोटी ३० लाखांहून अधिक. जवळजवळ सहातली एक. १९९७ मध्ये तिने विक्रीत फोक्सवॅगनच्या बीटलला मागे टाकलं. तिचा मुख्य इंजिनिअर तात्सुओ हासेगावा युद्धकाळात विमानं आखायचा. त्याचं सूत्र ‘८० गुण’ म्हणून प्रसिद्ध आहे: गाडीला कुठल्याच विषयात ८० च्या खाली गुण पडता कामा नयेत. त्याच्या म्हणण्याचा उत्तरार्ध असा होता की तेवढ्याने भागत नाही, एक-दोन विषयांत नव्वदी गाठायला हवी. लोकांनी उत्तरार्ध विसरून पूर्वार्ध लक्षात ठेवला आणि जपानमधल्या गाडीवेड्यांमध्ये ‘ऐंशी गुणांची’ ही टोयोटाला हिणवण्याची बोली झाली. सगळ्या विषयांत पास, एकातही पहिला नंबर नाही. अमेरिकेतले रसिकही तेच म्हणत, त्यांचा शब्द होता कंटाळवाणी. हे किइचिरोचा नातू आणि आताचा अध्यक्ष आकिओ टोयोदा याच्या इतकं जिव्हारी लागलं की यापुढे कंटाळवाण्या गाड्या नाहीत, असं त्याने जाहीरपणे सांगितलं आणि स्वतः शर्यतीत उतरून गाड्या पळवल्या.

मला हा अपमान वाटत नाही. रोज सकाळी कामावर जाणाऱ्या माणसाला गाडीकडून चमत्कार नको असतो, हजेरी हवी असते.

हजेरीचा पराकोटीचा आकडा अमेरिकेत लुइझियानामधल्या एका मालकाच्या नावावर आहे. २००७ सालचा टुंड्रा ट्रक त्याने कामासाठी नऊ वर्षं चालवला आणि २०१६ मध्ये १० लाख मैल पुरे केले. सोळा लाख किलोमीटर, म्हणजे चंद्रावर जाऊन-येऊन दोनदा, एकट्याने. मीटरवर सहाच आकडे, त्यामुळे ते ९,९९,९९९ वर जाऊन थांबलं. इंजिन तेच, गिअरबॉक्स तीच, रंगसुद्धा मूळचाच. शंभराहून जास्त वेळा तो सर्व्हिसिंगला गेला होता, ही त्यातली खरी मेख. कंपनीने त्याला नवा ट्रक दिला आणि जुना घेऊन एकेक भाग सुटा करून तपासला.

लँड क्रूझरवाल्यांची तऱ्हा वेगळी. १९५१ च्या जीपवजा गाडीपासून सुरू झालेला हा वंश २०१९ मध्ये एक कोटीवर गेला. वाळवंट, खाणी, संयुक्त राष्ट्रांच्या छावण्या, जिथे बिघडलेल्या गाडीमुळे माणूस मरू शकतो तिथे हीच दिसते. २०२१ चं नवं मॉडेल आलं तेव्हा जपानमध्ये ताबा मिळायला चार वर्षं लागू शकतात असं कंपनीनेच सांगून टाकलं, आणि वर्षभरात गाडी विकणार नाही असं ग्राहकांकडून लिहून घेतलं. जपानमधल्या चोरीच्या गाड्यांच्या यादीतही ती सतत वरच्या जागी असते. चोरांचं मत कुठल्याही पाहणीत विचारलं जात नाही, पण त्यांच्याइतका निःपक्षपाती ग्राहक दुसरा नसावा. १९८७ मध्ये चाड आणि लिबिया यांच्यातल्या लढाईला ‘टोयोटा युद्ध’ असंच नाव पडलं. फादाच्या लढाईत लिबियाचे नव्वदच्या वर रणगाडे गेले आणि चाडच्या तीन टोयोटा, अशी नोंद आहे. ही जाहिरात कंपनीला नक्कीच नको होती.

कौतुकाचा पाढा वाचताना वहीची दुसरी बाजूही पाहायला हवी. २००९-१० मध्ये पाय-मॅटमध्ये अडकणारं आणि दाबलेलं परत न येणारं ॲक्सिलरेटर, यांपायी जगभरातून नव्वद लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवाव्या लागल्या. आकिओ टोयोदाला अमेरिकी संसदेच्या समितीपुढे जाऊन माफी मागावी लागली, आणि ग्राहकांपासून माहिती दडवल्याबद्दल २०१४ मध्ये कंपनीने १२० कोटी डॉलर भरले. २०२३ च्या डिसेंबरात टोयोटाच्याच मालकीच्या दाइहात्सूने सुरक्षा चाचण्यांत वर्षानुवर्षं लबाडी केल्याचं उघड झालं: ६४ मॉडेलं, १७४ प्रकार. धागा तुटला की माग थांबला पाहिजे हे ज्या घराण्याने जगाला शिकवलं, त्याच्या घरातला माग तुटलेल्या धाग्यांवर चालू राहिला होता. दाइहात्सूच्या चौकशीत कारण काय निघालं, तर नव्या गाड्या लवकरात लवकर काढण्याचा दबाव. वेगाची चटक लागली की असं होतं.

आपल्याकडचा धागा किर्लोस्करांशी जुळतो. सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीत १९१० साली लोखंडी नांगरांचा कारखाना उभारणारं घराणं आणि लाकडी मागावरून मोटारीपर्यंत पोचलेलं घराणं, यांची जोडी आधी जमली ती १९९५ मध्ये कापडधंद्यातल्या यंत्रांसाठी. मोटारींची कंपनी त्यानंतर, १९९७ ला, बंगळुरूजवळ बिडदीत. २००० साली क्वालिस आली. दिसायला डबा, मूळची इंडोनेशियातल्या जुन्या गाडीची बहीण. शहरी समीक्षकांनी नाकं मुरडली आणि टूरवाल्यांनी रांगा लावल्या. २००५ मध्ये भरात असलेली क्वालिस बंद करून कंपनीने इनोव्हा आणली, तेव्हा तेच टूरवाले हळहळले. इनोव्हाने त्यांना लवकरच गप्प केलं. तिच्या गिऱ्हाइकांनी दहा लाखांचा आकडा केव्हाच ओलांडला.

शिर्डी, अष्टविनायक, कोकण करणाऱ्या कुठल्याही इनोव्हाच्या ड्रायव्हरला गाडीबद्दल विचारा. इंजिनाचे सीसी सांगणार नाही, पहिला शब्द येतो तो मीटरचा. ‘पाच लाख झालेत, इंजिन अजून खोललेलं नाही.’ हे ‘खोललेलं नाही’ म्हणजे त्या जगातलं पदक आहे. तक्रारीही ठरलेल्या: किंमत अव्वाच्या सव्वा, तेवढ्या पैशात दुसऱ्या कंपन्या काय काय देतात, आतली स्क्रीन जुनाट, स्पेअर महाग. सगळं सांगून झालं की शेवटी ‘पण विकायला काढली की संध्याकाळपर्यंत जाते’ हे वाक्य येतं, आणि तक्रारींचा निकाल तिथेच लागतो. या भरवशाला बाजारात केवढा भाव आहे ते २०१९ पासून आणखी स्पष्ट दिसतं. मारुतीची बलेनो थोड्या फरकाने टोयोटाचं चिन्ह लावून ग्लान्झा म्हणून विकली जाते, आणि तीही लोक घेतात. पत्रा तोच, इंजिन तेच. टोयोटाने ३० कोटी गाड्यांतून कमावलेली पत सुझुकीच्या गाडीवर चिकटवून विकता येते, हे मला तरी जरा जास्तच वाटतं. ग्लान्झाचे मालक मात्र सर्व्हिसिंगच्या वागणुकीचा हवाला देतात आणि खूश असतात.

३१ जुलै २०२४ ला कंपनीने महाराष्ट्र सरकारशी छत्रपती संभाजीनगरला नवा कारखाना उभारण्याबाबत करार केला. आकडा सांगितला गेला तो २० हजार कोटींचा. तिथल्या गाड्या रस्त्यावर येतील तेव्हा येतील. तोवर ज्यांना जुनी इनोव्हा घ्यायची आहे त्यांनी एवढं करावं: मीटरवरच्या आकड्यावर विसंबू नये, कारण या गाडीचं नाव जितकं टिकाऊ तितका तिचा मीटर मागे फिरवण्यात फायदा जास्त. सर्व्हिसिंगच्या नोंदी मागाव्यात, त्या नसतील तर सरळ ड्रायव्हरच्या बाजूने वाकून ब्रेकच्या पॅडलवर अंगठा फिरवावा. साठ हजार किलोमीटर चाललेल्या गाडीच्या पॅडलचं रबर गुळगुळीत झालेलं नसतं.